सलमान पाकजवळचं एक वळण

अमेरिकेचं इराकमधलं युद्ध म्हटलं की घनघोर लढाईचं शहर फालुजा आठवतं. मला आज दहा अमेरिकी सैनिकांनी लढलेल्या एका लढाईबद्दल बोलायचं आहे.

तारीख २० मार्च २००५, ठिकाण बगदादच्या आग्नेयेला टायग्रिसकाठचं सलमान पाक. हा टापू आपल्याला अगदीच परका नाही. पहिल्या महायुद्धात, १९१५च्या नोव्हेंबरमध्ये, सहावी पुणे डिव्हिजन तुर्कांशी लढली ते टेसिफॉन इथेच. त्या डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या. टेसिफॉनहून त्यांना टायग्रिसकाठच्याच कुत या गावापर्यंत मागे हटावं लागलं आणि पुढे कुतच्या वेढ्यात उपासमार सोसावी लागली. आपल्याकडे हे फारसं कुणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम सांगितलं.

तर त्या दिवशी सुमारे ३० ट्रकांचा ताफा या रस्त्याने चालला होता. चालक साधी माणसं, लढाईशी संबंध नसलेली. बागांच्या कडेला, पाटात आणि चरांत सुमारे ५० बंडखोर दबा धरून बसले होते. बाजूच्या रस्त्यावर त्यांच्या गाड्या दारं आणि डिक्या उघड्या टाकून उभ्या होत्या. बंडखोरांजवळ बेड्याही सापडल्या. म्हणजे नुसते ट्रक जाळायचे नव्हते, माणसं पळवायची होती. आदल्याच वर्षी इराकमध्ये आपले तीन भारतीय ट्रकचालक ओलीस धरले गेले होते. त्यांच्या सुटकेची वाट आपण सगळ्यांनीच पाहिली.

ताफ्यामागून अमेरिकेतल्या केंटकी राज्याच्या नॅशनल गार्डची, म्हणजे राखीव सैन्याची, मिलिटरी पोलिस तुकडी येत होती. नाव रेव्हन ४२, गाड्या तीन. गोळीबार सुरू झाला. अशा वेळी जीव वाचवून निसटावंसं वाटणारच. तुकडीचा म्होरक्या टिमोथी नाइन याने गाड्या थेट ट्रक आणि बंडखोरांच्या मधे घातल्या, आणि मग त्याच बाजूच्या रस्त्यावर उजवीकडे वळवल्या. वळता वळता पहिल्या हमवीवर, म्हणजे लष्करी गाडीवर, रॉकेट आदळलं, वरचा तोफची बेशुद्ध पडला. शुद्धीवर येताच त्याने पुन्हा मशीनगन धरली. त्या एका वळणाने बंडखोरांची बगल उघडी पडली आणि त्यांच्या गाड्यांकडे जाणारी वाटही तुटली.

याला मी नशीब म्हणणार नाही. तो रस्ता आणि त्याच्या आडवाटा या लोकांनी आधीच पाहून ठेवल्या होत्या, आधीच्या हल्ल्याची चिरफाड करून कुणी काय करायचं ते ठरवलं होतं. लढाईत विचार करायला वेळ मिळत नाही. तो आधी काढावा लागतो.

शेवटी बंडखोर उरले ते चरात. नाइन आणि २३ वर्षांची सार्जंट ली अ‍ॅन हेस्टर त्या चरात उतरले आणि हातबॉम्ब टाकत, गोळ्या झाडत पुढे सरकत गेले. मागे तुकडीचे तीन जण जखमी झाले होते. तिथे वैद्यक सैनिक जेसन माइक दोन हातांत दोन हत्यारं घेऊन दोन दिशांना गोळीबार करत होता, आणि अ‍ॅश्ली पुलन जखमी साथीदारावर स्वतःचं अंग पांघरून पडली होती.

२७ बंडखोर मारले गेले. रेव्हन ४२चे दहाही जण वाचले.

हेस्टरला सिल्व्हर स्टार हे अमेरिकेचं शौर्यपदक मिळालं. शत्रूशी समोरासमोर लढल्याबद्दल हे पदक मिळवणारी ती पहिली अमेरिकन स्त्री. त्या वेळी अमेरिकी लष्करात स्त्रियांना थेट लढणाऱ्या तुकड्यांत नेमायला बंदी होती. ती २०१३च्या जानेवारीत उठवण्यात आली.