पन्नोनहल्माचा मठ आणि मठाची वाइन

श्रोतेहो, नमस्कार.

हंगेरीच्या पश्चिम भागात, ग्यॉर शहरापासून सुमारे 20 किलोमीटरवर एक टेकडी आहे. तिच्या माथ्यावर उभा आहे पन्नोनहल्माचा बेनेडिक्टाइन मठ, म्हणजे संत बेनेडिक्ट यांची नियमावली पाळणाऱ्या ख्रिस्ती संन्याशांचा मठ. 996 साली हंगेरियनांचा अधिपती गेझा याने तो वसवला. पुढे त्याचा मुलगा स्तेफान हंगेरीचा पहिला राजा झाला. म्हणजे मुकुट नंतर आला, मठ आधी. 1996 मध्ये मठाला हजार वर्षं झाली आणि त्याच वर्षी युनेस्कोने त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं.

आत गेलात की आधी 1224 साली अभिषेक झालेलं चर्च बघा. मग ग्रंथालय. हंगेरीतल्याच तिहानी मठाची 1055 सालची सनदही पन्नोनहल्माच्या अभिलेखागारात जपून ठेवली आहे. मजकूर लॅटिन, पण मधूनमधून हंगेरियन शब्द आलेले; त्या भाषेच्या लेखी खुणांमध्ये फार जुनी अशी ही खूण. ग्रंथालयात वेळ हातात ठेवून जा, घाईने उरकण्याची ती जागा नव्हे.

आज मला बोलायचं आहे ते मात्र वाइनबद्दल. मठ आणि वाइन हे शब्द एकत्र आले की आपल्याकडे अनेकांच्या भुवया उंचावतात. उत्तर मिळतं ते सहाव्या शतकात, संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी लिहिलेल्या नियमावलीत. तिच्या चाळिसाव्या प्रकरणात ते म्हणतात, मठवासीयांनी वाइन घेऊच नये हे खरं, पण आजच्या काळात त्यांना ते पटवणं अवघड; तेव्हा निदान तृप्त होईपर्यंत पिऊ नये. रोजचं माप ठरलं एक हेमिना, म्हणजे अंदाजे पाव लिटर. ज्यांना वर्ज्य करण्याचं बळ आहे त्यांना त्याचं फळ मिळेल, असंही त्यांनी लिहून ठेवलं आहे. माणसाची कुवत ओळखून घातलेला हा नियम मला फार शहाणा वाटतो. पन्नोनहल्माच्या एका वाइनचं नावच ‘हेमिना’ आहे.

त्याहून मोलाचं आहे एकतिसावं प्रकरण. मठाच्या कोठारप्रमुखाने मठातली सगळी भांडी आणि अवजारं वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी मानावीत, असं त्यात सांगितलं आहे. कोठाराची झाडलोट आणि प्रार्थना यांच्यात उच्चनीच नाही. हे ध्यानात ठेवलं, की पुढची हकिकत समजते.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात या मठाने रेडक्रॉसच्या संरक्षणाखाली निर्वासितांना आणि लहान मुलांना आसरा दिला. त्यांत ज्यूही होते. युद्ध संपलं आणि मठाच्या जमिनी गेल्या, त्यांबरोबर द्राक्षमळेही. 1950 मध्ये कम्युनिस्ट राजवटीने देशातले बहुतेक धार्मिक संघ बंद केले. बेनेडिक्टाइनांना शाळा चालवण्यापुरती मुभा राहिली, पण वाइनची परंपरा तुटली. राजवट बदलल्यावर 2000 च्या सुमारास मठाने पुन्हा वेली लावायला घेतल्या. 2003 मध्ये नवी वायनरी, म्हणजे वाइन बनवण्याची जागा, सुरू झाली. नुसता पैसा उभा करायचा असता तर सोपे मार्ग होते. द्राक्षाची वेल लावायची म्हणजे पहिल्या चांगल्या पिकासाठी काही वर्षं थांबायचं, आणि हे थांबणं त्या नियमावलीशी सुसंगतच होतं.

वायनरी उतारावर बांधली आहे, ती उगाच नाही. द्राक्षं वरच्या मजल्यावर येतात आणि रस आपल्या वजनाने खाली उतरत जातो. पंपाने फार ढकलाढकल केली तर साली आणि बिया चिरडून कडवटपणा उतरतो. इथे तो टाळला जातो. पांढऱ्या वाइन स्टीलच्या टाक्यांत ताज्या राखतात, पिनो न्वारसारख्या लाल वाइन ओकच्या पिंपांत मुरतात. ऱ्हाइन रिस्लिंग, ओलासरिझलिंग, त्रामिनी या इथल्या मळ्यांतल्या पांढऱ्या जाती.

नाशिककडच्या बागाईतदार श्रोत्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. आपल्याकडे नव्या काड्यांसाठी एप्रिलची खरड छाटणी आणि फळासाठी पावसाळ्यानंतरची गोडी छाटणी, अशा दोन छाटण्या होतात, कारण आपली वेल थंडीने निजत नाही. पन्नोनहल्मात हिवाळ्यात वेल पानं टाकून निजते. मुख्य छाटणी एकदाच, आणि काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरात, म्हणजे आपल्याकडे गोडी छाटणीची धांदल असते तेव्हा.

जायचं झालं तर ही काढणीची वेळ साधा. फुलं बघायची असतील तर जूनची अखेर ते जुलैची सुरुवात बरी, कारण तेव्हा मठाचं लव्हेंडर बहरात असतं. वाइन न घेणाऱ्यांना मठाच्या दुकानात लव्हेंडरचं तेल आणि वनौषधींचा चहा मिळतो. आणि क्रम तेवढा माझ्या सांगण्यावरून पाळा: आधी चर्च, मग ग्रंथालय, वायनरी शेवटी.

नमस्कार.