श्रेय कांद्याला

(दृश्य: नाशिकचं सीबीएस बसस्थानक. संध्याकाळची गर्दी.)

इथे कुणाला फिट आली, की पहिली आरोळी ठरलेली. कांदा आणा! १०८ चा फोन नंतर. भेळवाल्याकडून अर्धा कांदा येतो, नाकाशी धरला जातो. कांदा नाही मिळाला तर चप्पल. मिनिटभरात झटके थांबतात आणि गर्दी समाधानानं पांगते. कांदा लागू पडला.

आता घड्याळ लावून बघा. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपली आपणच थांबते. मेंदूतल्या पेशींचा विजेचा गोंधळ ओसरतो, एवढंच. तेवढा वेळ कांदा शोधण्यातच जातो. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडते, आणि नाव होतं कावळ्याचं. खरं काम राहून जातं ते वेगळंच: माणसाला कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवायचं, वेळ मोजायची. तोंडात काही घालायचं नाही. चमचा नाही, पाणीही नाही. आणि पाच मिनिटं उलटूनही झटके चालूच असतील, तर दवाखाना गाठायचा.

(दृश्य: मोबाइलवर आलेला एक मेसेज.)

हा मेसेज दर थंडीत येतो. १९१९ च्या फ्लूच्या साथीत एका शेतकऱ्याच्या घरात कुणीच आजारी पडलं नाही, कारण खोल्याखोल्यांत कापलेले कांदे ठेवले होते. डॉक्टरांनी त्यातला एक कांदा सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर आत फ्लूचे विषाणू!

इथेच थांबा. आपल्या पणज्यांनी जिला मानमोडी म्हटलं, तीच ही साथ. फ्लूचा विषाणू साध्या सूक्ष्मदर्शकाला दिसतच नाही, इतका बारीक असतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आला १९३१ साली. माणसातला फ्लूचा विषाणू वेगळा काढता आला १९३३ मध्ये. मग त्या डॉक्टरांनी १९१९ ला पाहिलं काय? बाकीचा मेसेज वाचायची गरजच उरत नाही.

(दृश्य: मेन रोडवरचं दुकान. कपाटात कांद्याच्या तेलाच्या बाटल्या.)

कांद्यानं केस येतात म्हणे. हा मामला जरा अवघड, कारण यात खोटं थोडं आणि खरंही थोडं आहे. २००२ साली बगदादच्या डॉक्टरांचा एक अभ्यास छापून आला. चाई पडलेल्या, म्हणजे डोक्यावरचे केस चकत्यांनी गेलेल्या २३ जणांनी टक्कल पडलेल्या जागी कच्च्या कांद्याचा रस दिवसातून दोनदा लावला, १५ जणांनी नळाचं पाणी. सहा आठवड्यांत रसवाल्यांपैकी २० जणांना केस आले.

आकडा झकास आहे. पण माणसं मोजकी होती, आणि आजार होता चाई. चाईत बऱ्याच जणांचे केस काही न करताही परत येतात. वयानं विरळ होणारे केस, बाळंतपणानंतर गळणारे केस, ही दुखणी वेगळी. शिवाय त्यांनी लावला होता ताजा रस. बाटलीत मात्र तेल असतं, आणि त्यात कांदा किती, ते शोधायला भिंग लागतं. बाळंतपणानंतरची केसगळ तर काही महिन्यांत बहुधा थांबतेच. मधल्या काळात दोन बाटल्या संपलेल्या असतात. श्रेय कुणाला, ते सांगायला नको.

(दृश्य: लासलगाव. लिलाव सुरू व्हायची वेळ, ट्रॅक्टरच्या रांगा.)

कांदा खरंच खोलीतला आजार ओढून घेत असता, तर या गावाला सर्दी ठाऊकच नसती. इथे कांद्याचे ढीग असतात, कांदा साठवायच्या चाळी भरलेल्या असतात, हवेलासुद्धा कांद्याचा वास. सकाळपासून गोण्या उचलणाऱ्या एका मामांना विचारलं, सर्दी होते का हो तुम्हाला?

मामा काही बोलले नाहीत. खांद्यावरच्या उपरण्यानं नाक पुसलं, हसले आणि पुढच्या गोणीकडे वळले.