चकवा लागलेला सिनेमा: ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’मधलं भूत कुठे आहे?

ओढ्यावर एक ओंडका आडवा पडलाय. तीन पोरं दिवसभर पाय ओढत चालतायत. होकायंत्र हातात आहे, दिशा दक्षिण, मध्ये कुठे वळलेली नाहीत. संध्याकाळ व्हायला आली आणि समोर परत एक ओढा, त्यावर परत एक ओंडका. तोच. मघाशी ज्यावरून तोल सांभाळत पलीकडे गेले होते, तोच.

हा सीन पहिल्यांदा पाहिला तेव्हा आजीचा आवाज कानात आला. “चकवा लागला रे त्यांना.”

नमस्कार मंडळी. आज ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’. १९९९ चा सिनेमा आहे, तेव्हा शेवट फुटणार, आत्ताच सांगतोय. पाहिला नसेल तर व्हिडिओ थांबवा, ऐंशी-एक मिनिटांचा आहे, पाहून या. मी इथेच आहे.

आलात? बरं. गोष्ट अगदी एवढीशी. हेदर, जॉश आणि माईक हे तीन विद्यार्थी अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात बर्किट्सव्हिल नावाच्या गावाजवळच्या जंगलात जातात. तिथल्या चेटकिणीच्या दंतकथेवर त्यांना माहितीपट करायचाय. ते परत येत नाहीत. वर्षभराने त्यांनी शूट केलेल्या रिळा आणि टेप सापडतात आणि आपण पाहतो ते तेवढंच. हे सगळं रचलेलं. गाव खरं, पण दंतकथा सुद्धा डॅनियल मिरिक आणि एदुआर्दो सांचेझ या दोन दिग्दर्शकांनी बसून तयार केलेली. तरी सिनेमा आल्यावर लोक त्या दोनशेही वस्ती नसलेल्या गावात जाऊन थडकले आणि गावाच्या नावाच्या पाट्या उचलून घेऊन गेले. बिचारं गाव.

आता मला जे सांगायचंय ते असं. या सिनेमाला लोक चेटकिणीचा सिनेमा म्हणतात. माझ्या मते हा नकाशाचा सिनेमा आहे.

नीट आठवा. सुरुवातीला नकाशा हेदरकडे. ती पुढारी. “आपण हरवलेलो नाही” हे वाक्य ती इतक्या वेळा म्हणते की तिथेच आपल्याला कळतं, हरवले. एका ठिकाणी ती असंही म्हणते की आजच्या अमेरिकेत हरवणं अवघड आणि हरवलेलं राहणं त्याहून अवघड. मग एका सकाळी नकाशा सापडत नाही. हिने टाकला की त्याने, यावरून भांडण. आणि थोड्या वेळाने माईक हसायला लागतो. का हसतोय? तर कालच नकाशा त्याने लाथ मारून ओढ्यात घालवलाय. त्याच्या मते नुसता कागद होता, कुणाला कळत नव्हता.

मला विचाराल तर अख्ख्या सिनेमातला सगळ्यात भयानक क्षण हा. झाडांना टांगलेल्या काड्यांच्या बाहुल्या नंतर येतात, रात्री लहान मुलांचे आवाज येतात. पण तिघांचं तिघांवरचं इमान तुटलं ते त्या हसण्यात. त्यानंतर चेटकिणीला करायला फारसं काही उरत नाही.

चकवा म्हणजे काय हे शहरातल्या पोरांना सांगायला लागेल कदाचित. रानात, बहुतेक करून तिन्हीसांजेला, माणसाची वाट चुकते आणि कितीही चालला तरी तो फिरून त्याच जागी येतो. त्याला म्हणायचं चकवा. काही ठिकाणी ते भूत मानतात, काही ठिकाणी ती जागाच तशी. त्याचं रूप कुणी धड सांगत नाही. आमच्या आजीकडे उपाय होता. आहेस तिथे खाली बस, उजाडेपर्यंत उठू नको.

एकदा मी तो उपाय पाळला नाही. भीमाशंकरच्या जंगलात पावसाळ्यात आम्ही चौघे होतो आणि धुकं असं की पुढच्या माणसाची सॅकच तेवढी दिसावी. मळलेली वाट सोडून कधी ढोरवाटेला लागलो कळलंच नाही. ढोरवाटा फसव्या असतात, मस्त रुंद असतात आणि मग एखाद्या कारवीच्या गचपणात विरून जातात, कारण गुरांना कुठे पोचायचं नसतं. तासाभराने एका झाडाच्या बेचक्यात खोचलेली निळ्या झाकणाची रिकामी बाटली दिसली. आम्हाला बरं वाटलं, चला, माणसांची वाट आहे. अजून पाऊण तासाने परत निळ्या झाकणाची बाटली. तेव्हा आमच्यातला जो सगळ्यात जास्त बोलायचा, तो गप्प झाला. कोणी हसलं असतं तर मारामारी झाली असती.

यात भुताचा हात किती? २००९ मध्ये जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या मॅक्स प्लांक संस्थेतल्या यान सॉमन आणि सहकाऱ्यांनी हेच तपासलं. माणसांना जीपीएस लावून बीनवाल्ड नावाच्या सपाट जंगलात सोडलं आणि सांगितलं, सरळ चालत राहा. ऊन होतं तेव्हा लोक बऱ्यापैकी सरळ गेले. आभाळ भरलेलं असताना गेलेले चारही जण गोल फिरले, त्यातले तिघे आपलीच वाट ओलांडून गेले आणि त्यांना पत्ताही लागला नाही. ट्युनिशियाच्या वाळवंटात रात्री चालणारा एक जण चंद्र होता तोवर सरळ गेला, चंद्र ढगाआड गेल्यावर वळत वळत आल्या दिशेनेच निघाला. डोळे बांधून चालवलं तर काहींची वर्तुळं २० मीटरपेक्षाही लहान निघाली. एक पाय आखूड असतो म्हणून माणूस गोल फिरतो असं म्हणतात ना, ते यात टिकलं नाही. सूर्य, डोंगर असं लांबचं काही दिसत नसेल तर ‘सरळ’ म्हणजे कुठे याचा आपला अंदाज पावलागणिक थोडा थोडा सरकतो. आणि सरकतोय हे कळत नाही, कारण कळायला जे लागतं तेच सरकलेलं असतं.

पण थांबा, हेदरकडे होकायंत्र आहे! होकायंत्र असताना गोल फिरायचं कारण विज्ञानाकडे नाही. सिनेमाची मेख इथे आहे. चेटकीण आहे याचा बाकी सगळा पुरावा कुणी माणसाने रात्री येऊन करावा असा आहे. त्या ओंडक्याचं स्पष्टीकरण मात्र मिळत नाही.

शूटिंगची गंमत तर याच्याही पुढची. ऑक्टोबर १९९७, आठ दिवस, बरंचसं काम सेनेका क्रीक स्टेट पार्कमध्ये. हे काही घनदाट अरण्य नाही, वॉशिंग्टनच्या उपनगरांच्या शेजारचं जंगल आहे. संवाद लिहिलेले नव्हते, नुसता आराखडा होता. कॅमेरा नटांच्याच हातात. पडद्यावर ज्यांचा नकाशा हरवलाय त्यांच्या खिशात प्रत्यक्षात जीपीएस होतं आणि दिग्दर्शक सांगतील त्या खुणेपर्यंत चालत जायचं. तिथे फिल्मच्या डब्यांत प्रत्येकासाठी वेगळी चिठ्ठी, दुसऱ्याला दाखवायची नाही. जेवण दिवसागणिक कमी करत नेलं. रात्री झोप लागते न लागते तोच दिग्दर्शक येऊन तंबू हलवायचे, टेपवर मुलांचे आवाज लावायचे. भूमिकेतून बाहेर यायचं तर एक परवलीचा शब्द होता, ‘टॅको’. म्हणजे चकवा लागलेल्या माणसाचा अभिनय करवून घेण्यापेक्षा त्यांनी नटांना चकवाच लावला.

पुढचं तुम्हाला माहीत असेल. सुरुवातीचा खर्च साठ हजार डॉलरच्या आसपास धरतात आणि जगभरातली कमाई २४ कोटी डॉलरच्या वर. वेबसाइटवर खोटे पोलिस तपशील आणि सन्डान्स चित्रपट महोत्सवात ‘हरवले आहेत’ची पत्रकं. नटांची खरी नावंच पात्रांना होती, त्यामुळे हेदर डोनह्यूच्या आईला सांत्वनाची कार्डं आली. मुलगी जिवंत असताना. मला तरी ही हुशारी पचत नाही, आणि पैशांच्या बाबतीत आपल्यावर अन्याय झाला असं ते तिघे नट अजून म्हणतात. २०२४ मध्ये त्यांनी स्टुडिओकडे जाहीर मागणीही केली.

शेवटाकडे येऊ. नाक गळतंय, डोळे भरलेत, अर्धाच चेहरा चौकटीत, आणि हेदर सगळ्यांच्या आयांची माफी मागते. हरवलेलो नाही असं मीच म्हणत राहिले, हे ती तेव्हा कबूल करते. चेहरा अर्धा का? तिला वाटलं पूर्ण आलाय, झूम जरा जास्त झाला होता. मग ते पडकं घर. तळघरात माईक कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभा, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखा. कॅमेरा खाली पडतो. संपलं. एका पोराला मारताना दुसऱ्याला कोपऱ्यात तोंड करून उभं करणाऱ्या खुन्याची गोष्ट गावातल्या माणसाने सुरुवातीला सांगितलेली असते; ती ज्याला आठवते त्याच्या अंगावर काटा येतो, बाकीचे विचारतात, “एवढंच?”

आणि हो, ते भूत. तंबू हलल्यावर तिघं अंधारात पळत सुटतात तेव्हा हेदर एका बाजूला पाहून किंचाळते, ते काय आहे, ते काय आहे! तिथे खरोखर कोणीतरी होतं. दिग्दर्शकांनी आपल्याच टीममधल्या एकाला डोक्यापासून पायापर्यंत पांढरे कपडे घालून उभं केलं होतं, एवढ्यासाठीच. कॅमेरा ज्याच्या हातात होता तो जीव घेऊन पळत होता. त्याने तिकडे वळवलाच नाही.