मानेतली नळी

(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘डायलिसिसच्या रुग्णांमधील हृदयाच्या झडपांचा संसर्ग’. रविवारी सकाळी हे ऐकायला सभागृह भरतं ते पुण्यातच. दुसऱ्या रांगेतल्या काकांनी वही काढलीय, म्हणजे शेवटी प्रश्नाच्या नावाखाली निवेदन येणार. येऊ द्या.

झडपांकडे येतोच, पण आधी मान.

मूत्रपिंडं हळूहळू निकामी होतात तेव्हा आम्ही आधीच सांगतो, फिस्टुला करून घ्या. मनगटाजवळ धमनी शिरेला जोडायची, छोटं ऑपरेशन. १९६६ साली न्यूयॉर्कच्या ब्रेशिया, सिमिनो मंडळींनी ही युक्ती प्रसिद्ध केली, आजही तिच्यापुढे काही गेलेलं नाही. शीर जाड व्हायला सहा-आठ आठवडे तरी लागतात. मग हात लावून बघा, मांजर गुरगुरावं तशी थरथर लागते. डायलिसिसच्या सुया तिथेच टोचायच्या.

पण ‘फिस्टुला’ म्हटलं की घरात बैठक बसते. थोरला अमेरिकेहून येऊ दे. पितृपंधरवडा उलटू दे. आधी एक काढा घेऊन बघू, सदाशिव पेठेत एक जण देतात. मग एका रात्री धाप लागते आणि इमर्जन्सीत डायलिसिससाठी मानेच्या शिरेत नळी पडते. पुढे ती बदलून छातीच्या कातडीखालून नेलेली परमकॅथ, म्हणजे जास्त दिवस ठेवायची नळी, बसते आणि मंडळी निर्धास्त होतात. ‘सुया टोचाव्या लागत नाहीत डॉक्टर, आता हात कशाला कापायचा?’

अहो, ती नळी थेट हृदयाच्या तोंडाशी जाते! तिचं बाहेरचं टोक कोरडं राहायला हवं, नाहीतर जंतू आत. आमच्याकडे कोथरूडचे एक आजोबा होते. नरकचतुर्दशीला घरच्यांनी त्यांना हौसेनं अभ्यंगस्नान घातलं. दोन दिवसांनी आले तर ड्रेसिंगचा कोपरा सुटलेला, आत उटण्याची कणी. डायलिसिस सुरू होऊन अर्धा तास होतो न होतो तोच हुडहुडी भरली. सूनबाई म्हणतात, एसी जोरात असेल.

आणि दोष फक्त घरच्यांचा नाही. एका इस्पितळात आमच्या रुग्णाला त्याच नळीतून सलाइन लावलं होतं, का तर ‘लाइन चांगली आहे’. दुसरीकडे फिस्टुलासाठी राखलेल्या हातालाच सुई! रक्त घ्यायचंय ना, मग हाताच्या पाठीवरून घ्या. हे मी गेली कित्येक वर्षं सांगतोय, आता भिंतीवर लिहून ठेवायचं बाकी आहे.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं उरलीत. १८८५ साली लंडनला विल्यम ऑस्लर या नामवंत डॉक्टरांनी झडपांच्या याच आजारावर तीन व्याख्यानं दिली होती, असो.

तर झडपा. जंतू बहुतेकदा स्टॅफिलोकोकस ऑरियस, आपल्याच कातडीवरचा, नाकातला. नळी हृदयाच्या उजव्या बाजूला, पण संसर्ग होतो जास्त करून डाव्या बाजूच्या मायट्रल आणि एऑर्टिक झडपांना. कारण मूत्रपिंडाच्या आजारात कॅल्शियम-फॉस्फरसचं गणित बिघडून झडपांवर चुना साचतो, त्यात डावीकडे दाब जास्त. त्या खरखरीत जागेवर जंतू घर करतात, गोळे धरतात. गोळा सुटून मेंदूत गेला की पक्षाघात.

या रुग्णांना ताप कधी कधी जेमतेमच येतो. म्हणून थंडी वाजली की आधी ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघायची तपासणी, मग अँटिबायोटिक. फॅमिली डॉक्टरांनी प्रेमानं दिलेली पहिली गोळी कल्चर बिघडवते. छातीवरून केलेल्या टूडी एकोत काही दिसलं नाही म्हणून सुटलो असं नाही. संशय असेल तर अन्ननलिकेतून एको करावा लागतो. औषध शिरेतून, साधारण सहा आठवडे. साध्या स्टॅफला सेफाझोलिन हे अँटिबायोटिक डायलिसिस संपताना देता येतं, वेगळी सुई नको. झडप फाटली, हृदय दमलं, तर सर्जन.

आणि नळी काढायची. ‘डॉक्टर, महागाची आहे’ म्हटलं तरी काढायची.