नळी तुंबते तेव्हा

(बडोद्यात, दांडिया बाजारात, अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या घरच्या माणसांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

आमच्या नानांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, पक्षाघातानंतर लघवीची नळी कायमची लागली. मी तेव्हा कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत होते, तरीही नळी पहिल्यांदा तुंबली तेव्हा मला कळलं नाही. अंथरूण ओलं होत होतं आणि पिशवी कोरडी होती. आम्हाला वाटलं, नळी सैल झाली असेल. खरं तर ती आतून बंद झाली होती आणि लघवी नळीच्या बाहेरून वाट काढत होती. नानांची वाचा गेलेली. रात्रभर ते ओटीपोटावर हात दाबून तळमळले, आणि आम्ही चादरी बदलत राहिलो. ती रात्र माझ्या मनातून जात नाही, म्हणून आज तुमच्यापुढे उभी आहे.

सकाळी परिचारिकेने नळी काढली. ती मी मागून घेतली आणि हातमोजे घालून ब्लेडने उभी चिरली. नळीला मूत्राशयात धरून ठेवणाऱ्या फुग्याच्या वर, टोकाशी जे बारीक भोक असतं, तिथून आत पिवळट पांढरा थर होता. बोटांत चुरला तर वाळूसारखा कचकचला.

घरात पहिला प्रश्न येतो, आमच्याकडून स्वच्छता कमी पडली का? सुनांना, मुलींना हा प्रश्न फार छळतो. म्हणून आधीच सांगते: नळी आत असली की रोज साधारण 5 टक्के रुग्णांच्या लघवीत नव्याने जंतू शिरतात आणि महिनाभरात जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत ते सापडतात. कितीही काळजी घेतली तरी. माठ आतून चोळला की बोटाला जो बुळबुळीत थर लागतो, तसाच थर हे जंतू नळीच्या आत धरतात. त्याला बायोफिल्म म्हणतात. त्याच्या आत जंतू दडून असतात आणि अँटिबायोटिक तिथे नीट पोचत नाही.

पण नुसत्या बुळबुळीने नळी सहसा अशी बंद होत नाही. तिथे खडा जमावा लागतो, आणि ते काम बहुतेक वेळा प्रोटियस मिराबिलिस नावाचा जंतू करतो. 1885 साली गुस्ताव हाउझर या जर्मन शास्त्रज्ञाने त्याला रूप पालटणाऱ्या ग्रीक समुद्रदेवाचं नाव दिलं. प्रयोगशाळेत बशीच्या मध्यावर ठेवला तर तो एका रात्रीत कडेपर्यंत पसरतो, पाण्यात खडा टाकल्यावर तरंग उठतात तशी वर्तुळं काढत. नळीवरूनही तो असाच सरकतो.

त्याच्याकडे युरिएज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. अबईच्या नात्यातल्या एका शेंगेच्या दाण्यांपासून जेम्स समनर या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1926 मध्ये याच विकराचे स्फटिक मिळवले होते. आपल्या बाजव्याजवळच्या खताच्या कारखान्यात बनतो तोच युरिया लघवीतही असतो. युरिएज त्याचे तुकडे करून अमोनिया मोकळा करतं. लघवी एरवी किंचित आम्ल असते, ती अल्कधर्मी होते. आम्ल-अल्क मोजण्याचा आकडा, म्हणजे पीएच, 8 च्या पुढे गेला की विरघळलेले मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळलेले राहू शकत नाहीत. ते स्ट्रुव्हाइट आणि अॅपेटाइट या खनिजांचे खडे होऊन बुळबुळीत थरात अडकतात. दीर्घकाळ नळी असलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना कधी ना कधी हा त्रास होतो. चांदीचा थर दिलेल्या नळ्याही प्रोटियसपुढे फार काळ टिकलेल्या नाहीत.

मग करायचं काय? पिशवी कोरडी आणि अंथरूण ओलं दिसलं, की आधी नळी कुठे मुडपली आहे का बघा आणि लगेच परिचारिकेला बोलवा. सकाळची वाट पाहू नका. नळी स्वतः ओढू नका, कारण फुग्यावरचे खडे मूत्रमार्ग खरवडतात. मणक्याला छातीच्या वरच्या भागात दुखापत झालेल्या रुग्णाचा रक्तदाब तुंबलेल्या नळीमुळे अचानक भयंकर चढू शकतो. त्याचं डोकं दुखू लागलं, घाम फुटला, तर थेट इस्पितळ गाठा.

लघवीत जंतू आहेत एवढ्यावरून अँटिबायोटिक मागू नका. ताप, थंडी, कमरेत दुखणं, मनाचा अचानक गोंधळ असेल तेव्हा नळी बदलून, नव्या नळीतून नमुना द्या. डॉक्टरांनी पाण्यावर बंधन घातलेलं नसेल तर पाणी भरपूर आणि त्यात लिंबू पिळा. लिंबातल्या सायट्रेटमुळे खडे जमायला लागण्याचा पीएच वर सरकतो, हे प्रयोगांत दिसलं आहे.

आणि एक वही ठेवा. नळी कधी घातली, कधी तुंबली. आमच्या वहीत पहिल्या चार नळ्यांचे दिवस होते 19, 21, 18, 20. मग पाचवी आम्ही सोळाव्या दिवशीच बदलून घेतली आणि रात्रीची धावपळ थांबली. पण इतक्या लवकर का तुंबते, हे डॉक्टरांना त्या वहीमुळेच विचारता आलं. त्यांनी दुर्बिणीने तपासलं, तर नानांच्या मूत्राशयात खडा होता आणि प्रोटियस त्यातच वस्ती करून प्रत्येक नव्या नळीवर चढत होता. तो खडा काढल्यावर घातलेली नळी चिरून पाहिली ती सहाव्या आठवड्यात. आतून स्वच्छ होती.