दसऱ्याला चालू होता

(पेरणीआधी परभणी जिल्ह्यातल्या एका गावात शेतकऱ्यांपुढे केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

मंडळी, सोयाबीनवर पहिली फवारणी आली की माझ्या गॅरेजसमोर पेट्रोलवरच्या फवाऱ्यांची रांग लागते. प्रत्येकाचं म्हणणं एकच: "दसऱ्याला ठेवला तवा चांगला चालू होता." अहो, चांगला होता म्हणूनच तर कुणी टाकी रिकामी केली नाही. तसाच आखाड्यावर पत्र्याखाली टाकला आणि नऊ महिने विसरला.

पेट्रोल हा काही एकच पदार्थ नाही. त्यातले हलके भाग आधी उडतात, आणि थंड इंजिन पहिल्या दोरीला पेटतं ते त्यांच्याच जिवावर. आपल्या मे महिन्यात पत्र्याखाली ते किती दिवस टिकणार? मागं जे उरतं त्याला हवा लागून डिंक धरतो. कार्बोरेटर म्हणजे पेट्रोलात हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग; त्याच्या वाटीत पेट्रोल असतं चार चमचे, पण टाकीचा कॉक उघडा राहिला तर वाटीतलं जेवढं उडेल तेवढं टाकीतून परत येतं. गुऱ्हाळात काहिलीतला रस आटत जावा आणि वरून नवा ओतत राहावं, तसं. उडणारं उडून जातं आणि चिकटा वाटीतच साचतो.

हा बघा जेट, वाटीतलं पेट्रोल याच्यातूनच इंजिनाकडं जातं. पितळेचा आहे. उजेडाकडं धरा, मधलं भोक दिसतंय? सुईच्या टोकाएवढं. याच्या कडेला डिंकाचा नुसता पापुद्रा बसला तरी पेट्रोल कमी पडतं. मग चोक दिला की इंजिन चालतं, चोक काढला की बंद. चोक हवा अडवतो, त्यामुळं कमी पेट्रोलातही भागतं. एवढं लक्षण दिसलं तर प्लग बदलायला पैसे घालू नका, आधी वाटी उघडा.

भोक साफ करायला सायकलच्या ब्रेकची तार घालू नका. शिकाऊ असताना मी घातली होती. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं, आणि ते इंजिन नंतर काळा धूर काढत पेट्रोल पीत बसलं. उस्तादांनी जेटचे पैसे माझ्या पगारातून कापले. विजेच्या वायरमधला तांब्याचा एक केस काढा, नाहीतर कार्बोरेटर क्लीनर मारून हवा द्या.

आता इथेनॉल. आपलाच ऊस कारखान्यातून फिरून टाकीत येतो. 2022 मध्ये पेट्रोलात 10 टक्के होतं, 2025 पर्यंत ते 20 टक्क्यांवर गेलं. सगळा दोष त्याच्यावर टाकणं मला पटत नाही. इथेनॉल नव्हतं तेव्हाही मोपेडच्या कार्बोरेटरमधला डिंक आम्ही खरवडतच होतो. पण इथेनॉलला पाण्याची ओढ आहे, हे खरं. घरी बघा: काचेच्या बाटलीत अर्धी बाटली पेट्रोल घ्या, त्यात चार चमचे पाणी घाला, हलवा आणि थांबा. खाली बसलेला थर चार चमच्यांपेक्षा कितीतरी मोठा दिसेल, कारण पाण्यानं इथेनॉलही ओढून खाली नेलं. (बिडी मात्र लांब ठेवा.)

टू-स्ट्रोकवाल्यांनी इथं कान द्या. तुम्ही लिटरला 40 मिली ऑइल मोजून घालता, ते वरच्या पेट्रोलात राहतं. टाकीतली नळी तळाशी. झाकणातून पावसाचं पाणी गेलेलं असेल, तर नळी तो बिनऑइलचा खालचा थर ओढते. इंजिन चालू झालं तर घोटाळा आणखी मोठा, कारण पिस्टन कोरडा घासतो आणि जाम होतो.

तर शेवटची फवारणी झाली की त्याच दिवशी टाकी उलटी करा, आणि दोरी ओढून इंजिन चालू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या. वाटी नसलेला, पडद्याचा कार्बोरेटर असेल तर आधी रबरी फुगा दाबून उरलेलं टाकीत परत काढा आणि ओता. वाटीखाली स्क्रू असेल तर तोही सैल करा, चार थेंब गळतील. दहा मिनिटांचं काम आहे, दिवाळीच्या गडबडीत राहून जातं.

मागं बसलेल्या मामांनी विचारलंय की मागच्या वर्षीचं पेट्रोल अजून टाकीत आहे, त्यात नवं ओतून चालेल का? नाही मामा. आज घरी गेल्यावर काचेच्या बाटलीत काढा. रंग चहासारखा झाला असेल, रॉकेलचा किंवा वॉर्निशचा वास येत असेल, तर ते फवाऱ्यात नको, चुलीत तर मुळीच नको. आणि नळी तोंडानं ओढू नका.