तान्ह्या बाळासह मुंबईला निघताना

श्रोतेहो, नमस्कार.

दिवाळीची सुट्टी लागली की नांदेड, परभणी, जालना आणि छत्रपती संभाजीनगरच्या स्थानकांवर, कडेवर तान्हे बाळ आणि बोटाला धरलेले चार-पाच वर्षांचे मूल घेऊन मुंबईकडे निघालेली कुटुंबे दिसू लागतात. कोणी नातेवाइकांकडे निघालेले असते, कोणी लेकरांना समुद्र दाखवायला, तर कोणी परळच्या वाडिया बालरुग्णालयात मिळालेल्या तारखेसाठी. कारण कोणतेही असो, दिवसाची आखणी बाळाच्या भुकेच्या आणि झोपेच्या वेळा धरून करावी आणि पाहायची ठिकाणे त्यात बसतील तेवढीच ठेवावीत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

देवगिरी एक्सप्रेससारखी रात्रीची गाडी सकाळी मुंबईत पोहोचते आणि नेमक्या त्याच सुमारास लोकलमध्ये कामावर जाणाऱ्यांची गर्दी वाढू लागते. रात्रभर अर्धवट झोपलेले मूल घेऊन त्या गर्दीत शिरू नये. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या प्रतीक्षालयात मुलांचे हात-पाय-तोंड धुवावे, त्यांना खाऊ घालावे आणि गर्दी ओसरल्यावर निघावे. तेवढा वेळ नसेल तर सरळ टॅक्सी करावी, चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

लोकल बहुतेक स्थानकांवर जेमतेम वीस-तीस सेकंद थांबते, म्हणून चढण्याचा क्रम फलाटावर उभे असतानाच ठरवावा. हात मोकळे असलेल्या मोठ्या माणसाने आधी चढावे, मग मुलांना आत घ्यावे आणि दुसऱ्या मोठ्या माणसाने सर्वांत शेवटी चढावे. कोणी खाली राहिलेच, तर त्याने जागचे हलू नये आणि पुढे गेलेल्यांनी पुढच्या स्थानकावर उतरून परत यावे, हेही आधीच बोलून ठेवावे. 12 वर्षांखालील मुलगा आईबरोबर महिलांच्या डब्यातून जाऊ शकतो. बाबागाडी मात्र शक्यतो घरीच ठेवावी, कारण पादचारी पुलांचे जिने आणि फेरीवाल्यांनी भरलेले पदपथ यांतून ती पुढे सरकत नाही. त्यापेक्षा सुती ओढणीची घट्ट झोळी करून बाळाला छातीशी बांधावे. त्याचे तोंड आपल्याला दिसत राहील आणि नाक दबणार नाही, एवढे पाहावे.

आपल्या मराठवाड्यातील मुलांना कोरड्या उन्हाची सवय असते. मुंबईच्या दमट हवेत घाम वाळत नाही, काखेत आणि मानेच्या वळ्यांत घामोळ्या उठतात आणि मूल किरकिरे होते. सैल सुती कपडे, दिवसातून दोनदा अंग पुसणे आणि दुपारी सावलीत सक्तीची विश्रांती यांनी पुष्कळ फरक पडतो. सहा महिन्यांपर्यंतच्या बाळाला उकाड्यातही वरचे पाणी देऊ नये, आईचे दूधच अधिक वेळा पाजावे. मोठ्या मुलांसाठी दशम्या, धपाटे, मेतकूट असा ओळखीचा खाऊ आणि उकळून गार केलेले पाणी जवळ असावे.

दूध पाजण्याविषयी थोडे अधिक बोलायला हवे. रायगडाचा कडा उतरून तान्ह्याकडे धावलेल्या हिरकणीच्या नावाने एसटीच्या बसस्थानकांवर हिरकणी कक्ष सुरू झाले, परंतु रस्त्यात, बागेत किंवा गाडीत अशी सोय प्रत्येक वेळी हाताशी नसते. आईला लोकांमध्ये अवघडल्यासारखे होते आणि मग बाळ तासन्‌तास उपाशी राहते. अशा वेळी बरोबरच्या पुरुषांनी शाल धरून आडोसा करावा, बसायला जागा मिळवून द्यावी आणि घाई करू नये. हे काम एकट्या आईवर टाकणे मला पटत नाही.

ठिकाणांपैकी भायखळ्याची राणीची बाग लहान मुलांना सर्वांत सोयीची आहे. दाट झाडी आहे, पेंग्विन आहेत. मात्र बुधवारी ती बंद असते. सकाळी तेवढे एकच ठिकाण पाहावे. गेटवेवरून घारापुरीला जायचा मोह होतो, परंतु सुमारे तासाभराचा बोटीचा प्रवास आणि त्यानंतर शंभराहून अधिक पायऱ्या तान्ह्या बाळासाठी नकोत. संध्याकाळी गिरगाव चौपाटीवर जावे. आपली मुले पहिल्यांदा समुद्र पाहतात तेव्हा आनंदाने थेट पाण्याकडे धावतात आणि परतणारी लाट पायाखालची वाळू ओढून नेते, म्हणून तेथे मुलाचे मनगट सोडू नये.

शेवटी, प्रत्येक मुलाच्या खिशात पालकांचे नाव, गाव, तालुका आणि दोन मोबाइल क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. मूल नजरेआड झाल्यास स्वतः शोधत बसण्याआधी जवळच्या पोलिसाला सांगावे. रेल्वेत असाल तर 139 आणि कोठेही असाल तर मुलांसाठीचा 1098 हा क्रमांक लावावा. त्या दिवशी मुलाने कोणत्या रंगाचे कपडे घातले आहेत ते विचारले जाईल, म्हणून सकाळी बाहेर पडतानाच मोबाइलवर त्याचा एक फोटो काढून ठेवावा.